पान आणि पाला

“ताई, पाला मोडू का ठेवू?”

मंडईतल्या मावशींचा हा प्रश्न मी निदान वीस वर्षं ऐकते आहे. मुळ्याची जुडी त्यांच्या डाव्या हातात असते आणि उजवा हात देठांच्या बुडाशी आधीच पोचलेला असतो. माझं उत्तर यायच्या आत मनगटाला एक पीळ बसतो, कटकन आवाज होतो आणि हिरवा झुपका मागच्या पाटीत जाऊन पडतो. बहुतेक गिऱ्हाइकांना तो नकोच असतो. पिशवीत जागा खातो, निवडायचा व्याप होतो. म्हणून मावशी विचारतात ते रीत म्हणून. उत्तर त्यांना ठाऊक असतं.

परवा मात्र मी वेळेवर “राहू द्या” म्हणाले. मावशींनी मान वर करून एकदा पाहिलं आणि जुडी आख्खी माझ्या पिशवीत कोंबली.

घरी येईपर्यंत तो झुपका पिशवीतून डोकावत होता आणि मावशींचा शब्द माझ्या डोक्यात. पाला. ‘पानं मोडू का’ असं त्या कधीच म्हणत नाहीत. त्या झुपक्यात देठ होते, शिरा होत्या, नागमोडी कडा होत्या. शाळेच्या पुस्तकात पान म्हणून जे जे दाखवतात ते सगळं होतं. तरी ती पानं नव्हती. तो पाला होता.

त्याच गाळ्यावर, मुळ्यांपासून हातभर अंतरावर अळू असतं. एकीकडे वडीचं, काळसर देठांचं, एकावर एक नीट रचलेलं. “दहा पानं द्या” म्हटलं की मावशी बँकेतल्या माणसानं नोटा मोजाव्यात तशी ती मोजतात. एखादं फाटकं निघालं तर आपण बदलून मागतो आणि त्याही कुरकुर न करता देतात. दुसरीकडे भाजीचं अळू, हिरव्या देठांचं, जुडी बांधून ठेवलेलं. त्यातलं एकेक पान कुणी उलगडून बघत नाही. फदफद्यात शिजून सगळं एकजीवच व्हायचं असतं. दोन्हीही अळूच, पण एक मोजून घ्यायचं आणि दुसरं उचलून घ्यायचं.

तिथेच मला पान आणि पाला यांच्यातली मेख सापडली. पान मोजता येतं, पाला मोजता येत नाही. एक पान, दोन पानं, सात पानं. पण एक पाला, दोन पाले असं म्हणून पाहा. कान लगेच नकार देतो. पाल्याचा भारा असतो, मूठ असते, पाटी असते, ढीग असतो. वाळू, पाणी, धान्य यांच्या पंक्तीला बसणारा हा शब्द आहे. आणि पान कुठल्या झाडाचं, केवढं, कसल्या रंगाचं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आपण बोटानं मोजणार की कवेत घेणार, यावर शब्द ठरतो.

मराठीनं झाडाच्या या एकाच अवयवासाठी किती तऱ्हेचे शब्द राखून ठेवले आहेत! संस्कृतातलं पर्ण झिजत झिजत पान झालं. पत्रातून पात आली, ती कांद्याची असते, गवती चहाची असते. तिचंच भावंड पातं; ते विळ्याला असतं, पंख्याला असतं आणि डोळ्यालाही असतं. पल्लवातून पालवी फुटली आणि पालाही त्याच घरातला सांगतात. म्हणजे कवींनी डोक्यावर घेतलेली पालवी आणि मावशींनी पाटीत टाकलेला पाला हे सख्खे निघाले. तोंडात येणारा शब्द तेवढा ऋतूगणिक आणि हातागणिक बदलत गेला. उसाच्या हिरव्या शेंड्याकडचं ते वाडं, वाळलेलं ते पाचट. नारळाची ती झावळी. आंब्याखाली, काजूखाली पडलेला तो कोकणात पातेरा, देशावर पाचोळा.

मोजल्या जाणाऱ्या पानाला किंमत असते, हे विदर्भातल्या तेंदूच्या हंगामाइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. उन्हाळा तापला की गडचिरोली-गोंदियाकडची घरंच्या घरं पहाटे जंगलात जातात. टेंभुर्णीची कोवळी, धड, न फाटलेली पानं खुडून आणतात आणि दुपारी सावलीत बसून त्यांचे पुडे बांधतात. एका पुड्यात 70 पानं. मजुरी ठरते ती शेकडा पुड्यांवर. बायका गप्पा मारत असतात, मांडीवरचं पोर सांभाळत असतात आणि बोटं मात्र मोजत असतात. एक पान कमी पडलं तर पुडा तोकडा, भोकाचं पान आलं तर पुडा बाजूला. त्या दोनेक आठवड्यांत पान हे जवळजवळ नाणंच असतं. त्याला ‘तेंदूचा पाला’ म्हणायची कुणाची जीभ धजावणार नाही. हंगाम संपला की झाडावर उरलेली तीच पानं निबर होतात, आणि शेळी खाईल तर खाईल, नाहीतर राहतील. तेव्हा तो पाला.

पंगतीत तर आपण याच्याही पुढे गेलो. तिथे पान म्हणजे माणूस. मुंजीच्या आधी आचाऱ्याला बोलावलं की त्याचा पहिला प्रश्न, “किती पानं धरू?” यजमान दीडशे सांगतो, आचारी मनात पावणेदोनशे धरतो. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर तो म्हणतो, “एकशे ऐंशी पानं उठली.” माणसं उठली असं तो म्हणत नाही. बरं, त्या एकशे ऐंशींच्या पुढ्यात केळीचं पान असतंच असं नाही. कार्यालयातली स्टीलची ताटं असतात. घरीसुद्धा रोज रात्री “चला, पानं घेतली” अशी हाक येते आणि पानं म्हणून टेबलावर चार ताटं असतात. पण मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे हा जो नकाशा आहे, तो केळीच्या पानावरून ताटावर उतरला. पान गेलं, पानाची शिस्त राहिली आणि नावही राहिलं. जेवणारा प्रत्येकजण वेगळा मोजला जातो, त्याच्यापुढे त्याचं स्वतःचं असं काहीतरी मांडलेलं असतं. म्हणून तो पान. जेवायला न घालता नुसतं घातल्यासारखं दाखवलं, तर तोंडाला पानं पुसली म्हणतात. फसवणुकीलाही शब्द पंगतीतूनच आणला.

आता एवढं मोजायचं तर पान नेमकं कशाला म्हणायचं, हे तरी ठाऊक हवं. तिथेही आपली गंमत आहे. कोकणात जा नाहीतर काशीला जा, पळसाला पाने तीनच, असं आपण बेधडक सांगतो. वनस्पतीशास्त्राच्या माणसाला विचारा. तो म्हणेल, एकच. खरं पान ओळखायची त्याची खूण साधी आहे. देठ जिथे फांदीला चिकटतो त्या बेचक्यात एक बारीकसा कोंब दडलेला असतो. पळसाच्या त्या तिघांच्या वेगवेगळ्या बुडाशी असा कोंब नसतो. तिघांचा मिळून जो मोठा देठ, त्याच्या बेचक्यात असतो. म्हणजे पान एक आणि त्याच्या पर्णिका तीन. बेलाचंही तसंच. महादेवाला आपण तीन पानं वाहतो असं वाटतं, पण वाहतो ते एकच त्रिदळ. त्यातलं एक दळ गळलेलं असलं की घरातली म्हातारी माणसं ते बाजूला काढत, ते शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबरच होतं. पान अर्धवट झालेलं असे. कडुनिंबाची ज्यांना आपण पानं म्हणतो त्या बारक्या कातरलेल्या पात्या म्हणजे एकाच लांब पानाच्या पर्णिका. शेवग्याच्या एका पानात तर पर्णिकांची अशी गर्दी असते की तिथे मोजणारा थकतो आणि सरळ ‘शेवग्याचा पाला’ म्हणून मोकळा होतो. भाषेनंही मग हट्ट धरलेला नाही.

मोजण्याच्या पुढची पायरी म्हणजे नावानं ओळखणं. ती वर्षातून एकदा गणेश चतुर्थीला आपली परीक्षा घेते. गणपतीला 21 प्रकारची पत्री वाहायची असते. माका, बेल, बोर, धोतरा, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, डाळिंब, मरवा, जाई, हादगा अशी ती यादी. एरवी गणपतीला न चालणारी तुळसही त्या दिवशी चालते. आमच्या घरी सासरे पोथीतून एकेक नाव वाचायचे आणि सासूबाई परडीतून तेवढंच पान उचलून पुढे करायच्या. दोघांच्यात एका शब्दाचीही देवाणघेवाण नसे. त्यांनी परसातून, बांधावरून, ओढ्याकाठावरून ती आदल्या संध्याकाळी स्वतः खुडून आणलेली असायची. कुठलं काटेरी, कुठलं खरखरीत, कुठलं चुरडलं की वास येतो, हे हाताला माहीत असे.

दोघं गेल्यावर पहिल्या वर्षी मी बाजारातून पत्रीचा वाटा आणला. कागदात गुंडाळलेला, दोरा बांधलेला. नवरा वाचू लागला. दूर्वा सापडल्या, बेल सापडला, तुळस तर दारातच होती. आघाडा मी तुऱ्यावरून ओळखला. डोरलीशी गाडी अडली. “हे असेल?” “असेल.” पुढच्या नावाला त्यानंही मान वर केली नाही. शेवटी उरलेलं सगळं ओंजळीत घेऊन मी एकदम वाहून टाकलं. गणपतीची तक्रार नव्हती. पण परडीत पाहताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. सासूबाईंच्या हातात जी पत्री होती, ती माझ्या हातात आल्यावर पाला झाली होती. पानं तीच होती, फक्त त्यांची नावं मला येत नव्हती.

दसऱ्याला तर आपण सगळे मिळूनच ही परीक्षा नापास होतो. सोनं म्हणून वाटायचं ते आपट्याचं पान. लहानसं, जाडसर, दोन दळं जोडल्यासारखं. बाजारात मात्र कांचनाची मोठाली पानं आपटा म्हणून सर्रास येतात. दोघं एकाच कुळातले, तोंडवळा मिळताजुळता, घेणारा फसतो. संध्याकाळपर्यंत घरोघर देवाणघेवाण होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात, रस्त्यात, गाड्यांच्या काचांखाली सोन्याचा पाला पडलेला असतो.

इथवर आले आणि मला वाटलं, ठरलं तर मग. लक्ष दिलं की पान, लक्ष काढलं की पाला. पण हे इतकं सोपं नाही, हे मला टेकडीवरच्या एका शेळीवालीनं दाखवलं. सकाळी फिरायला जाताना ती भेटते. खांद्यावर लांब काठी, काठीच्या टोकाला आकडी. आकडीनं फांदी खाली ओढायची आणि शेळ्यांनी तुटून पडायचं. तिच्या बोलण्यात पान हा शब्द नाहीच, सगळा पाला. “ह्या पाटीला बोरीचा पाला लागतो बघा. ती तिकडली बाभळीबिगार ऱ्हात न्हाई. घाणेरीला मातुर कोण तोंड लावत न्हाई.” ती मोजत नव्हती, पण तिचं लक्षही सुटलेलं नव्हतं. कुठल्या पोटाला कुठला पाला मानवतो, कुठला गाभण शेळीला द्यायचा, कुठला नाही, हे तिला माझ्या सासूबाईंच्या पत्रीइतकंच पक्कं ठाऊक होतं. भुकेला एक पान देऊन चालत नाही, कवळाभर लागतं. म्हणून तिचा शब्द पाला.

मग मला पाल्याचे बाकीचेही उपयोग आठवू लागले. गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायचा. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालायचा, कीड लागत नाही. कोकणात, मावळात भाताची रोपं करायच्या जागेवर पावसाआधी शेण, पाला, वाळलं गवत पसरून राब भाजायचा. आता रासायनिक फवारण्यांना कंटाळलेले शेतकरी कडुनिंब, करंज, रुई, एरंड, सीताफळ, पपई असा दहा झाडांचा पाला पिंपात कुजवून दशपर्णी अर्क करतात. नावात पर्ण असलं तरी पिंपात पडतो तो पालाच. झाडपाल्याचं औषध म्हणताना कुणी नाक मुरडतं, कुणाचा विश्वास असतो, पण दोघांनाही तिथे हाच शब्द लागतो. एकट्या पानाला जे जमत नाही, ते पाला होऊन जमतं. शेक देणं, पोट भरणं, जमीन कसदार करणं ही मोजून करायची कामं नव्हेत.

मोजदाद संपते ती पाचोळ्यात. आपल्याकडे पानगळ शिशिरात सुरू होते आणि उन्हं तापू लागेपर्यंत चालते. पिकलं पान म्हणजे संपलेलं पान असं आपण धरून चालतो, म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलताना तर हमखास. झाडाचा हिशेब वेगळा असतो. पान गाळण्याआधी त्यातलं नत्र आणि इतर उपयोगाची द्रव्यं झाड फांदीत परत ओढून घेतं. हिरवा रंग विरतो आणि आत आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि वाऱ्याचं निमित्त पुरतं. घेण्यासारखं घेऊन झाल्यावर झाड हात सोडतं. उरलेलं मातीचं.

आम्ही मात्र तेवढंही मातीला पोचू देत नाही. आमच्या सोसायटीत रोज सकाळी पाचोळा झाडून कोपऱ्यात ढीग होतो आणि कुणीतरी त्याला काडी लावतं. ऊसवाल्या गावांत पाचट पेटवायची सवय होती, ती मोडून आता बरेच शेतकरी सरीत पाचट पसरून कुजवतात. शहर या बाबतीत मागे आहे. 1971 साली आलेल्या रा. रं. बोराडे यांच्या कादंबरीचं नावच ‘पाचोळा’ आहे. एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची वाताहत तिच्यात आहे. वाऱ्यावर उडून गेलेल्या संसाराला यापेक्षा नेमका शब्द सापडला नसता. पण हाच पाचोळा झाडाखाली तसाच पडून राहिला, तर दोन पावसाळ्यांत काळी भुसभुशीत माती होतो. वाऱ्यावर गेला तर वाताहत, जागेवर राहिला तर खत.

हे सगळं मनात घोळत असताना मुळ्याचा पाला परातीत पसरून मी निवडायला बसले होते. शेजारची सात वर्षांची मुलगी आली आणि न सांगता समोर बसून मदत करू लागली. मुळ्याच्या पाल्याला निवडायला वेळ लागतो. पिवळं काढायचं, जून देठ काढायचा, चिखल असतो तो दोनतीन पाण्यांतून जातो. मग बारीक चिरून, भिजवलेली मूगडाळ घालून, लसणीची चरचरीत फोडणी. शिजल्यावर एवढ्या मोठ्या झुपक्याची वाटीभर भाजी होते, हे तिला मी आधीच सांगितलं, नाहीतर नंतर निराशा व्हायची.

“काकू, एवढा पाला? आणि वाटीभरच?” तिनं परातीकडे पाहून विचारलं.

“एवढाच.”

थोडा वेळ ती निमूट निवडत राहिली. मग एकदम तिचा हात थांबला. ढिगातून काहीतरी उचलून तिनं उजेडात धरलं. मधोमध अळीनं खाल्लेलं वाटोळं भोक होतं आणि त्यातून ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती.

“काकू, हे पान टाकायचं?”

परातीत होता तोवर पाला होता. तिच्या चिमटीत आलं ते पान झालं. कुणी तिला हा फरक शिकवलेला नव्हता.

“भोकाचं तेवढं तोडून टाक,” मी म्हटलं, “बाकीचं पान चांगलं आहे.”